शंका आली की नाही

ग्राझिना आधी चाकू पँटला पुसते,
मग गुडघ्यावर बसते, मग बोलते.
ब्यूलीच्या पुढचं बर्चचं रान,
सप्टेंबरचा पहिला रविवार,
शेवाळात घोटे बुडालेले
आणि मी वॉर्डातलेच बूट घालून आलेली.

"दिसली पिवळी की खुडली, असं नाही.
आधी उताणी कर."
मी अळंबी उताणी करते.
खाली पात्या नाहीत, नुसत्या सुरकुत्या,
फाटे फुटत देठावर उतरलेल्या,
मेण ओघळता ओघळता थिजावं तशा.
नखाने ओढल्या तर सुटत नाहीत.
देठ चिरला: आत पांढरा,
उकडलेल्या कोंबडीसारखा धाग्याधाग्याने सुटणारा.
आणि वास म्हणे जर्दाळूचा.
मला आधी येतो भिजलेल्या पोत्याचा,
जर्दाळू नंतर, उशिरा,
चपला कुठे काढू विचारत आल्यासारखा.

आमच्याकडे आरमोरीच्या रस्त्यावर
पळसाच्या द्रोणात सात्या घेऊन बसायच्या बायका.
वारुळाजवळच्या, लांब देठाच्या,
भाव मटणाच्या वर.
ओळखायच्या कशा, हे मी कधी विचारलं नाही;
ओळख द्रोणासोबतच विकत मिळायची.
उरलेल्या सगळ्यांना एकच नाव होतं,
कुत्र्याची छत्री.
एवढ्या रानाला आम्हाला एक शिवी पुरली.

इथे नाही पुरत.
टोपलीच्या तळाशी ग्राझिनाला एक सापडते,
माझ्याच हाताने खुडलेली:
रंग जरा जळका, माथ्यावर बारीक उंचवटा,
आणि खाली खऱ्या पात्या, गंजक्या.
ती ओरडत नाही.
शेजारच्या चारही काढून फेकते,
हात ओल्या शेवाळावर घासते, मलाही घासायला लावते.
मग तिच्या तुटक इंग्रजीत एक वाक्य.
मी मनात त्याचं मराठी करते:
शंका आली की नाही.
आणि ते तिथेच प्रश्न होऊन बसतं.

रात्री टेबलावर एक टोपी,
अर्धी विजेच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर,
अर्धी जुन्या एक्स-रेवर. वर वाटी पालथी.
सकाळी माझ्या मनगटाच्या हाडांवर
फिकट, जवळजवळ पांढरी भुकटी.
गंज नाही.
तरी मी पुन्हा एकदा खिडकीशी नेऊन पाहिलं.

मंगळवारी चार नंबरच्या खुर्चीत ह्यू मॅकाय.
बारा वर्षं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास,
एका रात्रीच्या जेवणापायी.
"पहिले तीन दिवस काही झालंच नाही,
मी बागेतलं गवतसुद्धा कापलं."
चव कशी होती, मी पहिल्यांदाच विचारते.
"उत्तम. तीच तर खोड."
मी सुई लावते. पंप फिरू लागतो.
मग खिशातली डबी उघडून त्याच्या नाकापाशी धरते.
खायला नाही; पोटॅशियमचा हिशेब त्याला माझ्याहून पाठ.
तो डोळे मिटतो, बराच वेळ.
"हा," म्हणतो. "हा असायला हवा होता."
आणि झाकण स्वतः लावतो.

संध्याकाळी कोरड्या तव्यावर.
आधी त्या आपलं पाणी सोडतात, भरपूर,
ते आटेपर्यंत काही घालायचं नाही.
मग लोणी, ठेचलेला लसूण, मिरं.
तिखटाच्या डब्याकडे हात गेला, परत आला.
ग्राझिनाने पाव कापला,
मी भाकरी थापली, लेस्टरहून पोस्टाने आलेल्या पिठाची,
कडेला चिरलीच.
पहिला घास कुणी घ्यायचा, इथे दोघी थांबलो.
हसलो नाही. एकदमच घेतला.

एक मात्र शिजवली नाही.
कागदात गुंडाळून, वर तारीख घालून
फ्रिजच्या दारात, अंड्यांशेजारी.
वेळ आलीच तर डॉक्टरांना दाखवायला.
दूध काढायला दार उघडते
तेव्हा वास येतो,
आता आधी जर्दाळूचा.