सातवी अ, तिसऱ्यांदा

वीजबिलावर माझा पत्ता असा छापून येतो:
जुनी शाळा, सातवी अ, देगलूर.
या सातवीत मी दोनदा नापास झालो.
आता तिसऱ्यांदा आहे,
भाडं भरून.

नगरपालिकेनं लिलाव केला.
पत्तेवार शेटनी आधी बाकं वजनावर विकली,
मग वर्गाच्या मधोमध चार इंची भिंत घातली.
एका सातवीची दोन घरं.
खिडक्या त्यांच्याकडं गेल्या, फळा आमच्याकडं आला.
त्याच्यावर तीनदा डिस्टेंपर मारला,
तरी आखाड लागला की काळा वर येतोच.
बायको म्हणते, ओल हाय.
मी काही बोलत नाही.

मागच्या भिंतीवर हणमंतू मास्तरांनी
ऑइलपेंटनं मराठवाडा काढला होता.
नवी भिंत नेमकी परभणीवर उभी राहिली.
पैठण, जालना नफीसाभाभींच्या ओट्यामागं,
नांदेड आमच्या शेगडीवर.
गोदावरी त्यांच्या फोडणीतून निघते,
भिंतीच्या पोटातून येते,
धर्माबादपाशी आमच्या मिसळणाच्या डब्याला वळसा घालते
आणि तेलंगणात शिरते,
म्हणजे मोरीत.

भाभींचे सासरे, करीमोद्दीनचाचा,
निजामाच्या राज्यात इथंच शिकले.
"हमारे टैम इसकू हफ्तुम बोलते थे."
त्यांना उर्दूतून छडी बसली,
मला वीस-पंचवीस वर्षांनी मराठीतून.
हात दोघांनीही डावाच पुढं केला होता,
उजव्यानं लिहायचं असतं म्हणून.

पटांगणातल्या लिंबाला
रुळाचा तुकडा अजून टांगलाय.
नळ आठव्या दिवशी येतो, कधी नवव्या.
ज्याला आधी कळेल त्यानं टोल द्यायचा.
मग सगळ्या इयत्ता घागरी घेऊन पळत सुटतात:
पहिलीतले वकीलसाहेब, अर्धा साबण अंगावर,
हेडमास्तरांच्या खोलीतल्या दोघी नर्सबाया,
चौथी ब मधलं नवं जोडपं, जे एरवी दार उघडत नाही.
"ए, लाइनीत!" कोणीतरी खेकसतं
आणि आम्ही खरंच लाइनीत उभे राहतो,
लहान हंडे पुढं, मोठे मागं.

परवा माझा नंबर आला
आणि मी उगाच वर बघत राहिलो.
कौलांखाली कोणाची तरी
कागदी विमानं अडकलेली, पिवळी पडलेली.
माझंही एक असेल त्यात.
चाचांनी मागून बादली टोचली:
"चल बे आगे.
कितने साल एकीच जमात में?"

मी पुढं सरकलो.
तोवर नळ गेला होता.