निदानाच्या रकान्यात

एकशे एकसष्ट पायऱ्या. मी मोजल्या,
कारण मोजणं हे माझं काम,
आणि नव्वदाव्या पायरीवर थांबायला
काहीतरी निमित्त लागतं.
पिशवीत कोनमापक, बटणं लावायचा आकडा,
न सरकणारी रबरी चटई आणि चार पानी फॉर्म.
खाली वालपाराइसोचं बंदर, क्रेनच्या माना.
शेजारच्या रुळांवरची लिफ्ट
दोन वर्षं चढावाच्या मध्यात उभी.
दारावर पाटी: तात्पुरती बंद.
त्या 'तात्पुरती'वरून गंजाचा ओघळ आलाय.

इस्मेनिया कार्वाखाल. वय अडुसष्ट.
मार्चमध्ये उजवी बाजू गेली.
"गेली म्हणू नकोस," ती म्हणाली,
"इथेच आहे. फक्त माझ्याशी बोलत नाही."
मी लिहिलं: वाचा शाबूत.

खांदा साठ अंश. मनगट दहा.
एका सरांनी शिकवलं होतं,
बिघाड शोध, मग दुरुस्त कर.
पुढच्या वर्षीच्या बाई म्हणाल्या,
बिघाड माणसात नसतोच, तो जिन्यात असतो.
परीक्षेत मी दोन्ही लिहिलं, दोन्हीला गुण मिळाले.
पण लिफ्ट उद्या सुरू झाली
तरी रात्री दोन वाजता हा खांदा ठणकणार आहे,
आणि खांदा पूर्ण वर गेला
तरी खाली बेकरीपर्यंत एकशे एकसष्टच.
निदानाच्या रकान्यात जागा दीड ओळीची.

उद्दिष्ट, मी लिहिलं: ब्लाउजची बटणं स्वतः लावणे. सहा आठवडे.
ती अर्ध्या चेहऱ्यानं हसली.
"रोज आठला नोल्फा येते, माझी बहीण.
नऊ बटणं. नऊ बटणांच्या बातम्या.
कोण गेलं, कुणाचा पोरगा खाणीवरून परत आला,
कुणी कुणाशी अबोला धरलाय.
मलाच लावता आली तर ती येईल कशाला?"
मी खोडलं.
आणलेला आकडा तिनं ठेवून घेतला मात्र;
त्याला आता पळी लटकते.

मग हवंय काय?
गुरुवारी नगरपालिकेत लिफ्टची सुनावणी.
"माईकवर तीन मिनिटं देतात. ती मला हवीत.
आणि तिथे मला पोत्यासारखं उचलून न्यायचं नाही."

म्हणून आम्ही तीन मिनिटं शिकलो.
टेबल धरून उभं राहायचं,
अंडी उकडायचं घड्याळ टिकटिकत,
वजन डावीकडून उजवीकडे, जरासं, अजून जरासं,
आणि तोंडानं महापौरांना शिव्या.
शिव्या देताना पाय जास्त स्थिर राहतो.
हे कुठल्याच पुस्तकात नाही, मी समासात लिहिलं.
शेजाऱ्यांनी वळणावळणावर खुर्च्या मांडल्या:
एक प्लास्टिकची, एक चर्चमधली,
एक सलूनमधली गोल फिरणारी.
अकरा पायऱ्या, खुर्ची, श्वास.

गुरुवारी खाली पोचायला सव्वा तास लागला.
ती बोलली. दोन मिनिटं चाळीस सेकंद.
उरलेले वीस सेकंद नुसती उभी राहिली,
सगळ्यांकडे बघत.
निकाल पुढच्या महिन्यात म्हणाले.

बाहेर येऊन मी वर पाहिलं,
आणि पोटात खड्डा पडला.
उतरायचं सगळं ठरवलं होतं मी.
चढायचं विसरले होते.

"मला ठाऊक होतं," इस्मेनिया म्हणाली,
"मी नोल्फाकडे राहणार आहे. ती खालीच राहते."

खालीच.
म्हणजे रोज आठला, नऊ बटणांसाठी,
एकशे एकसष्ट.
मी नोल्फाचे गुडघे पाहिले, पहिल्यांदाच:
पट्ट्या बांधलेले, मोज्यांतून फुगलेले.
चार पानं भरली होती मी.
त्यांत ती फक्त 'नातेवाईक: आहे' इतकीच होती.

मंगळवारी गेले. एकच उंबरठा, तोही झिजलेला.
दोघी पलंगावर बसलेल्या, बटणं चालू होती.
पाचव्यापाशी नोल्फा थांबली, कारण बातमी मोठी होती.
मी फॉर्म मांडीवर ठेवला.
पत्ता बदलायचा होता, पण इस्मेनिया म्हणाली,
"राहू दे. माझं घर वर आहे."
आणि नोल्फानं सहावं बटण
चुकीच्या काजात घातलं.