बी एल, एक

आलो होतो चोरी पकडायला.
उदगीरच्या मोंढ्यातल्या काट्यावर
एकाच वाहनाच्या चारशे बारा फेऱ्या, एका हंगामात:
एम एच चोवीस, बी एल, एक.
लातूरच्या ऑफिसात मी त्या ओळी
लाल केल्या, साहेबांना दाखवल्या.

काट्याच्या खोलीत निलोफर सौदागर.
कोपऱ्यात पंख्यानं लोटलेली तुरीची फोलं,
कीबोर्डवर ताणून बसवलेली पिशवी,
पिशवीखाली एका बटणावर
नेलपॉलिशचा ठिपका.
"हे कशाला?"
"अक्षर झिजलंय. एफ सातला जतन, एफ आठला रद्द,
दोन्ही खेटून. दोनदा चुकले,
दोनदा भरला ट्रक परत काट्यावर चढवला.
ड्रायव्हरच्या शिव्या
तुमाला लातुरात थोड्याच ऐकू येतेत."

खेटून. मीच ठेवली होती.
ओळीत बरी दिसतात म्हणून.

मग स्टुलावर गप्प बसलो, तासभर,
चहाचा कप मांडीवर निवत.

घुंगरं वाजली. मल्हारी केंद्र्यांची बैलगाडी,
तुरीची अकरा पोती.
लोखंड तापलेलं, बैल पाय टेकवीनात.
पडद्यावर चौकट उघडली: वाहन क्रमांक,
कडेला लाल चांदणी,
म्हणजे भरल्याशिवाय पुढं सोडणार नाही.
निलोफरनं न बघता टाकलं:
एम एच चोवीस, बी एल, एक.
"बी एल म्हणजे?"
"बैल."

मी हसलो. ती नाही हसली.
चारशे बारा फेऱ्या, सगळ्या खऱ्या,
वजनं खरी, पोती खरी, माणसं खरी.
खोटी होती ती चांदणी,
मी काढलेली, एसीत, एका दुपारी,
जगातल्या प्रत्येक चाकाला
नंबर असतो असं धरून.

पडद्यानं विचारलं: तुम्हाला खात्री आहे का?
केंद्रे खिडकीतून वाकले,
"कुणाला विचारलालंय ते?"
"मला. दर गाडीला विचारतंय.
मी न वाचताच हो म्हणते."

रात्री लॉजवर चांदणी पुसली.
'नंबर नाही' असं बटण दिलं,
रद्दला उचलून लांब नेऊन बसवलं.
साहेबांना काय लिहावं ते सुचेना,
लिहिलं: चोर सापडला, आपल्याकडंच आहे.

आठवड्यानं तिचा फोन.
"सर, बटण बेस हाय.
पण आता बिननंबरचे नवे ट्रॅक्टरवाले बी
तेच दाबा म्हणून मागं लागलालेत.
काय करू?"

मी म्हणालो, थांबा, येतो.
ह्यावेळी लॅपटॉप पिशवीतच ठेवीन.