तोंडात घोटभर पाणी

समर्थ मंदिराच्या चौकात, पहाटे पावणेपाचला,
निकम सुभेदार स्टीलच्या पेल्यानं
एकेकीच्या तोंडात घोट ओततात.
गिळायचा नाही. सांडायचा नाही.
यवतेश्वरच्या पारावर परत द्यायचा.

सहाजणी आम्ही.
भरतीत धावायचे आठशे मीटर,
इथे सगळा घाट, तोंड मिटून.

पहिलं वळण सोपं जातं.
पाणी गार, दातांना झोंबणारं.
नाकातली हवा पुरते,
आणि मनात उगाच वर्दी शिवून तयार असते.

दुसऱ्या वळणावर माझी डावी नाकपुडी मिटते.
चुलतभावाच्या सायकलवरून पडले, तेव्हापासून
आतलं हाड वाकडं आहे.
डॉक्टर म्हणाले होते, श्वास चालतोय ना? मग?
चालतोय.
एका दाराच्या घरात वऱ्हाड शिरावं, तसा.

तिसऱ्या वळणावर अंग वसुलीला येतं.
आधी पोटऱ्या, भिजल्या गोणपाटासारख्या.
मग उजव्या बरगडीखाली कळ,
कुणी दाभणानं पोतं शिवत असावं तशी, टाक्यामागून टाका.
कानात माझंच रक्त वाजतं:
आईच्या गिरणीचा पट्टा
सुटायच्या आधी करतो तो आवाज,
फट् फट् फट्.
हवा कमी पडतेय, असंच वाटतं.
पण सुभेदार म्हणतात,
"हवा कमी नाय पडत, पोरींनो.
वापरलेली बाहेर निघंना, म्हणून ती बोंबलतीया."

वापरलेली हवा.
तिला मी ओळखते.
बाजरी दळताना आई नाकातोंडावर ओढणी आवळते,
पीठ भुवयांवर बसतं,
गिऱ्हाईक विचारतं, जाड की बारीक?
ती बोटांनी सांगते.
तासन् तास एक शब्द नाही.
मला वाटायचं, ती माझ्यावर चिडलीय.

चौथ्या वळणावर खाली सातारा दिसतो,
अजिंक्यताऱ्याच्या काळ्या पाठीला टेकलेला,
दिव्यांसकट झोपलेला.
बघायचं नाही. बघितलं की तोंड उघडतं.
तिथेच शर्वरी बाबर वाकलेली दिसली,
हात गुडघ्यांवर,
तिचा घोट डांबरावर पसरलेला,
पाठ भात्यासारखी वरखाली.
चल गं, म्हणायचं होतं. म्हणता येईना.
मी तिच्या पाठीवर दोनदा थाप मारली
आणि तिच्या डोळ्यांसमोर
दोन बोटं धरली:
अजून दोन वळणं.

शेवटचा चढ नीट आठवत नाही.
जग अरुंद होत होत
रस्त्याकडेच्या पांढऱ्या पट्टीएवढं उरलं.
बोटांच्या टोकांना मुंग्या.
छातीत कुणीतरी आतून दार ठोठावत होतं
आणि गळा प्रत्येक पावलाला म्हणत होता,
गिळ, कोण बघतंय?
तोंडातलं पाणीही पाणी राहिलं नव्हतं.
कोमट, घट्ट,
जिभेच्याच चवीचं.

पारावर सुभेदार आधीच पोचलेले, जुन्या एम-एटीवरून.
त्यांना चढ जमत नाही.
अर्धं फुप्फुस बर्फात विसरून आलो, म्हणतात
आणि खोकत हसतात.
त्यांनी पेला पुढे केला.
मी घोट परत दिला.

मग तोंड उघडलं.
डिसेंबरची हवा
दातांवरून, टाळूवरून,
चाकूसारखी, आणि लगेच आईच्या हातासारखी,
थेट पोटापर्यंत.
मी रडत नव्हते. डोळ्यांतून नुसतं गळत होतं.

सुभेदारांनी पेला बॅटरीखाली धरला.
आत खिळ्यानं ओढलेली रेघ आहे.
बराच वेळ बघत राहिले.
"वाढलंय की गं," म्हणाले,
"दिलं त्यापेक्षा जास्त आणलंस."

मी उत्तर दिलं नाही. सवयच मोडली होती.
खालच्या वळणाआड अजून कुणी दिसत नव्हतं,
पण शर्वरीचा श्वास ऐकू येत होता,
सताड उघड्या तोंडाचा, खरखरीत,
चढाला लागलेल्या रिकाम्या एसटीसारखा,
वर वर येणारा.