शून्य लावताना

यंत्र माझ्या ताब्यात आहे. जुनं,
कुठल्याशा मोठ्या शहरातल्या इस्पितळानं
चिपळूणला देऊन टाकलेलं.
दर सोमवारी त्याच्या कड्यातले दोन बिंदू
मी स्पिरिटनं पुसते.
खारी हवा आधी पिना खाते, मग माणसं.

टेबलावर दाऊद परकार, धोपाव्याचे.
मूत्रपिंडं थकली, म्हणून मनगटात
धमनी शिरेला जोडायची,
डायलिसिसच्या सुईला वाहतं रक्त हवं.
हात तेवढा बधिर केलाय. तोंड नाही.
"बाई, हे कडं कसलं?"

चुंबक आहे, मी सांगते.
त्याचा जोर वरून खाली,
रक्त निघालंय खांद्याकडे,
आणि वीज उठते आडवी,
या काठापासून त्या काठापर्यंत,
मुंगीच्या पावलाएवढी.
रक्ताला ओढ जितकी, तितकी ती जास्त.

ते छताकडे बघतात. मग म्हणतात, "तर."
तर काय?
"तर. होडी.
पाणी जायचं दर्याला, आम्ही जायचो आडवे.
दाभोळच्या धक्क्याला लागायचं
तर नाळ रोखायची पार वरच्या अंगाला.
किती वर, त्यावरून समजायचं
ओहोटी केवढी आहे ते.
आकडा नव्हता. खांदा होता."

शिवाय मीठ लागतं, मी म्हणते,
निव्वळ पाण्यातून वीज जात नाही.
"मग आत खाडीच म्हणा की."

"शून्य लावा," डॉक्टर कोपरकर म्हणतात.
या यंत्राचं हे जुनंच दुखणं:
ते शून्य विसरतं.
किती वाहतंय हे सांगण्याआधी
त्याला न वाहणं दाखवावं लागतं.
शिरेवर चिमटा बसतो.

भरती संपलेली, ओहोटी निघालेली नाही,
पाण्यावरचं सोडण जागचं हलत नाही,
तेवढाच वेळ.
मी बटण फिरवते. काटा थरथरतो, बसतो.

"थांबवलंय ना आता?"
हात बधिर आहे, चाचा. तुम्हाला कसं कळलं?
"तुम्ही सगळे गप झालात."

चिमटा सुटला.
नव्वद. एकशे साठ. पुन्हा एकशे चाळीस,
डॉक्टरांची भुवई वर.
कोमट पाण्याचा बोळा, वाट बघणं.
दोनशे सत्तर. तीनशे दहा.
"म्हणजे किती?"
मिनिटाला दीड पेला.
"बस?" म्हणाले, जरा नाराजच.

वहीत लिहिलं: परकार, डावा हात, ३१०.
शून्याला रकाना नाही.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात गेले तर
मनगट कानाला लावून बसलेले.
आत घरघर, टाक्यांच्या जरा वर,
बोट ठेवलं तरी लागते.
फेरीबोट आली तेव्हा ती बघायला
मुद्दाम पाठ करून बसायचे, असं त्यांची सून सांगते.
"ऐका," हात माझ्यापुढे धरून म्हणाले,
"शेवटी माझ्यातही इंजिन बसवलंत."