लोणी कडेपर्यंत

ये आस्गर, बस. थर्मासात कॉफी आहे.
पहाटे दार उघडलं तर समोर तीन पिंपं,
एकावर एक, काळी रंगवलेली,
वर झाकणाला मूठ, पोटावर पांढऱ्या रंगात तीस.
मिऱ्यांची चक्की. माझ्या दारात.
तू राहतोस वर, मी खाली;
तुझ्या मित्रांचा बिअरच्या भरात जिना चुकला.
आता मान खाली घालून फाटकाशी उभे आहेत.
त्यांना म्हटलं, राहू द्या संध्याकाळपर्यंत.
अठ्ठेचाळीस वर्षं उशिरा आली, एवढंच.

माझ्या तिशीला कुणी पिंपं रचली नाहीत.
बेकरीतली बाई पाव बांधताना
आवाज जरासा खाली घ्यायची,
"केटीचं काय मग?"
आणि आई सुटे पैसे मोजत राहायची,
होते त्याहून जास्त वेळ.

म्हणतात, मसाल्याच्या व्यापाऱ्यांचे गुमास्ते
परमुलखात राहायचे, लग्नाला मनाई,
तराजू आणि मिऱ्यांची पोती हाच संसार.
त्यांना नाव पडलं पेबरस्वेन, मिरेवाला गडी.
त्यात उणं काही नव्हतं. ते नंतर चिकटलं.
मग तेच नाव वळवून बाईसाठी केलं, पेबरमो.
तिला मात्र कुणी मिऱ्याचा एक दाणा
तोलायला दिला नव्हता.

माझा भाऊ होल्गर. डुकरं पाळायचा.
चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेला, गोठ्यातच,
आणि पेपरात छापून आलं:
उंगकार्ल होल्गर डाल्सगोर.
उंगकार्ल म्हणजे तरणा गडी!
दात नव्हते रे त्याला. एक गुडघा प्लास्टिकचा.
तरी शब्द त्याच्या मिशीला कलप लावत राहिला.
मी एकतिसाव्या वर्षीच गॅमेलयोम्फ्रू,
म्हातारी कुमारिका.
तेव्हा माझी वेणी कमरेपर्यंत होती, काळीभोर,
आणि मी सायकलवरून त्याच्या पुढे जायचे.

कुणी विचारलंच नाही, असं नाही हं.
एक होता, फेरीबोटीवर.
ते आज नको.

दुकानात तोच शब्द निराळा वागायचा.
घरात योम्फ्रू म्हणजे जिला कुणी नेली नाही ती;
ओट्याशी योम्फ्रू म्हणजे
राईच्या पावावर कोलंबी रचायची परीक्षा जिने दिली ती.
चार पोरांची आई इंगर, तीही योम्फ्रूच.
तिचा नवरा हसायचा त्यावर.
पगाराच्या दिवशी नाही हसायचा.

आणि गेल्या जूनमध्ये तू.
साडेसहा फूट, दाढी, दंडावर गोंदलेला बांगडा,
प्रशस्तिपत्रावर योम्फ्रू आस्गर.
गिऱ्हाइकं खिदळली. तू शांतपणे विचारलंस,
फ्रेम कुठे टांगू?
मी खिळा दिला. हातोडी शोधून दिली.
खरं सांगते, राग आला होता मला.
जो शब्द मी डागासारखा घासला, वर्षानुवर्षं,
तो तुला इस्त्रीच्या ऍप्रनसारखा बसला,
नाड्यासुद्धा बरोबर पुरल्या.

परवा नगरपालिकेतल्या पोरीने माझा अर्ज भरला.
"एकट्या?" म्हणाली, मान वर न करता.
नवरा गेलेली, सोडलेली, न केलेली,
सगळ्यांना एकच चौकोन.
बरं आहे. थंड आहे थोडं,
रंग दिल्यावर पडदे लावायच्या आधीच्या खोलीसारखं,
पण कुजबुज नाही त्यात.

तुला तीस म्हणजे शिंका येईपर्यंत मिरे आणि केक.
असू दे. आज डोक्यावर पडतील तेव्हा
डोळे मिटून घे, आणि मूठभर
मलाही टाकायला सांग. हसू नकोस.

चल, अंडी उकडायचीत.
मिरे बेताने, आणि लोणी कडेपर्यंत लाव,
अगदी कोपऱ्यात, नाहीतर पाव भिजतो.
मला हे योम्फ्रू लिलियनने शिकवलं.
तिचं लग्न झालं होतं की नाही,
कोण जाणे.
मी कधी विचारलंच नाही.