इतर मतदार

ग्रिम्सबीची नगरपालिका, तळमजला, खिडकी क्रमांक तीन.
सव्वीस वर्षं मी इथं
माणसांना त्यांच्या त्यांच्या पत्त्यावर बसवते.
लग्न झालं, घर बदललं, नवरा वारला, पोरगं अठराचं झालं,
सगळं कागदावर येतं माझ्याकडे,
कधी कधी शेजाऱ्यांना कळायच्या आधी.

क्लिफर्ड ओल्डरॉइड पहिल्यांदा आला
तेव्हा पत्त्याच्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं.
"घर नाही," म्हणाला,
सुट्टे नाहीत म्हणावं तसं.

मी दुसरा अर्ज काढला.
तो खालच्या खणात असतो, वर्षाकाठी चार-पाचच लागतात.
"जिथं तुमचा जास्तीत जास्त वेळ जातो, ती जागा लिहा."
तो हसला. वरचे दोन दात नव्हते.
"वेळ कुठे जातो, बाई?
माझ्याशेजारीच बसून असतो."

मग लिहिलं त्यानं,
जन्मभर जाळी विणलेल्या हाताच्या गाठीगाठीच्या अक्षरात:
बंद बर्फ कारखान्यासमोरचं बाकडं.
समुद्राकडे तोंड केलं तर डावीकडून दुसरं.
आणि पत्रं?
"ठेवा इथंच. मंगळवारी फिरकतो मी."

ही नोंद बारा महिने टिकते.
भिंती असलेल्यांची नावं यादीत रुतून बसतात,
याला दरसाल येऊन सांगावं लागतं
की अजून आहे,
आणि अजून तिथंच आहे.
सात वर्षं आला.
एकदा तापानं फणफणत आला, सही कागदाबाहेर गेली,
तीही मी चालवून घेतली.

यंदा मार्चमध्ये आला तो गुरुवारी.
"दुरुस्ती करायचीय."
"कसली?"
"बाकडं नेलं."

नेलं होतं आमच्याच माणसांनी,
दुसऱ्या मजल्यावरच्या उद्यान खात्यानं.
नवी बसवलीत, मधोमध लोखंडी हात असलेली,
कुणाला आडवं होता येऊ नये म्हणून.
तो हे बोलला नाही. मला ठाऊक होतं.
त्या फाईलवर चहाचा डाग पडला तो माझ्याच कपाचा.

"आता बस थांब्याच्या आडोशाला असतो.
तिथून उजवीकडे, अकरा पावलं. मोजली मी."

मी समजावलं: प्रभाग तोच, केंद्र तेच,
अकरा पावलांसाठी कुणी विचारणार नाही.
"न विचारू दे," म्हणाला.
"माझ्या नावापुढे खोटं नको."

ओळखपत्राचा फोटो काढायचा होता.
टोपी काढावी लागेल म्हटल्यावर
त्यानं खिशातून फणी काढली,
डोक्यावर केस नव्हते,
भुवया विंचरल्या.

आमची यादी रस्त्यांनी लागते.
घर एक, घर तीन, घर तीन अ,
गल्ल्या, वळणं, चौक संपत जातात,
आणि शेवटी एक मथळा येतो: इतर मतदार.
त्या प्रभागात त्याखाली एकच नाव.
छपाईवाला दरवर्षी विचारतो, एवढ्याशा ओळीसाठी नवं पान कशाला?
मी दरवर्षी म्हणते, हवं.

मेमधला तो गुरुवार, चर्चच्या सभागृहातलं केंद्र.
मागे रांग, माणसं घड्याळं बघत होती.
नियम म्हणून मी विचारलं, "नाव?"
त्यानं सांगितलं, कधी भेटलोच नाही अशा थाटात.
"पत्ता?"
बस थांब्याचा सांगितला, सावकाश, उजवीकडे-डावीकडेसकट.
मागचा एक खाकरला.
मी पट्टी ठेवून त्याच्या नावावर रेघ मारली.

आडोशामागे बराच वेळ लागला त्याला.
काय केलं ते त्याचं त्याला माहीत,
मला माहीत असायचं कारण नाही.

रात्री दहा वाजता सामान आवरायला घेतलं.
पेन्सिली दोरीनं बांधलेल्या असतात,
सुतळीची सैल गाठ, ओढली की सुटते.
तिसऱ्या आडोशातली सुटेना.
नखं लावली, दात लावले.
सकाळी सैल होती, मीच बांधलेली.
आता तिच्यावर कुणीतरी दुसरी घातली होती,
बारीक, घट्ट, बोटीवरची.

कात्री मागवली.
मग राहू दे म्हटलं,
आणि दोरी, पेन्सिल, आडोशाची फळी,
सगळं तसंच एकत्र पेटीत ठेवलं.